नवऱ्याला किडनी द्यायला मन धजत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

पत्र:

मावशी, जय ख्रिस्त. आम्ही परतूर तालुक्यातले. मालकांच्या दोन्ही किडन्या गेल्या, वर्षाच्या वर झालं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा जालन्याला जावं लागतं. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले घरातलं कोणी किडनी देत असेल तर बघा. त्याच रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळेला सासूबाई उठल्या आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या, माझ्या सुनेने प्रभूला होकार दिलाय, ती किडनी देणार. मला कोणी विचारलं पण नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी तिथं काय बोलणार. आता महिला मंडळातल्या बाया म्हणतात येशूने आपल्यासाठी सगळं रक्त दिलं, तुला एक किडनी जड झाली का. मला लई भीती वाटते. दोन पोरी आहेत, सातवीत आणि चौथीत. कापूस वेचणं, खुरपणं, घरचं, सगळं माझ्यावरच. दीर आहेत धडधाकट, त्यांचं नाव कोणी काढत नाही. मालक स्वतः याच्यावर एक शब्द बोलत नाहीत. रोज रात्री त्यांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शिरा जोडल्यात तिथं, बोटं ठेवून थरथर लागते का ते मीच बघते, तेवढ्या वेळात सुद्धा ते भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाहीत. देव माझी परीक्षा घेतोय का? मी विश्वासात टिकू कशी?
एक बहीण

उत्तर:

पोरी, जय ख्रिस्त. तुला तू म्हणते, राग मानू नको, माझ्या लेकीच्या वयाची आहेस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पहिलं जे मनात आलं तेच आधी सांगते, कारण ते तुला आजच्या आज कळलं पाहिजे. तू अजून होकार दिलेला नाहीस. सासूबाईंनी दिलाय, तुझ्या नावाने. त्यांचं लेकरू आजारी आहे, आईचा जीव आहे, त्या तोंडातून काय बोलून गेल्या ते मी समजू शकते. पण त्यांच्या बोलण्याने तुझा नवस होत नाही, आणि चर्चमध्ये टाळ्या वाजल्या म्हणून देवाकडं तुझी सही झाली असं तर मुळीच नाही.

शास्ते पुस्तकाचा अकरावा अध्याय काढून वाच, इफ्ताहाचा. लढाई जिंकून दे, मग घरातून जे पहिलं बाहेर येईल ते तुला वाहतो, असं बापाने बोलून टाकलं आणि दारातून नाचत आली ती एकुलती एक लेक. नवस बापाचा, किंमत पोरीने भरली. ती गोष्ट बायबलमध्ये आहे म्हणून कोणी तिला आदर्श समजू नये, शास्ते पुस्तक जवळजवळ सगळंच माणसं देवाला सोडून स्वतःच्या डोक्याने चालल्यावर काय काय होतं त्याचं पुस्तक आहे. मला आपल्या पास्टर लोकांना हात जोडून सांगावं वाटतं की साक्षीच्या वेळेला कोणी दुसऱ्याच्या अंगाबद्दल बोललं तर तिथल्या तिथं प्रार्थना करून मोकळं होऊ नका, आधी त्या बाईला बाजूला घेऊन विचारा.

आता तुझी भीती. तू लिहिलंस लई भीती वाटते आणि लगेच पुढं विचारलंस की विश्वासात टिकू कशी, म्हणजे तुझ्या मनात या दोन गोष्टी एकमेकीच्या विरुद्ध आहेत. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू काय म्हणाला? हा प्याला माझ्यापासून दूर कर. आधी हे म्हणाला, मग पुढचं, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. आपण प्रवचनात दुसऱ्या वाक्यावर जातो आणि पहिल्यावरून घाईघाईने पुढं निघतो. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक लिहितो. शिष्यांना त्याने जागं राहा म्हणून विनवलं. देवाचा पुत्र भ्याला, रडला, सोबत मागितली, आणि त्याला कोणी अल्पविश्वासी म्हणलं नाही. मग तुला कोण म्हणणार?

एक जुनी हकीकत सांगते, आपल्याकडं फारशी सांगत नाहीत. दुसऱ्या शतकात स्मुर्णा गावात, आज तुर्कस्तानात आहे ते, पॉलिकार्प नावाचे म्हातारे बिशप होते. ख्रिस्ताला शिव्या दे, तुला सोडतो, असं रोमी अधिकारी म्हणाला तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू. त्यांना जाळलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच मंडळीने त्या वेळी दुसऱ्या मंडळ्यांना जे पत्र लिहिलं त्यात क्विंटस नावाच्या एकाची पण गोष्ट आहे. हा गडी आपण होऊन पुढं गेला, मला पकडा म्हणाला, आणखी काही जणांना पण भरीस घातलं, आणि माणसांवर सोडायची हिंस्र जनावरं समोर आल्यावर त्याची हिंमत गेली आणि त्याने ख्रिस्ताला नाकारलं. मंडळी त्या पत्रात स्पष्ट लिहिते की जे असे स्वतःहून उडी घेतात त्यांची आम्ही वाहवा करत नाही, शुभवर्तमान तसं शिकवत नाही. आणि खुद्द पॉलिकार्प? ते आधी गाव सोडून शेतावर जाऊन राहिले होते, लोकांनी लपा म्हणलं तर लपले. पकडायला आले तेव्हा मात्र त्यांनाच जेवायला वाढायला सांगितलं आणि तेवढ्यात प्रार्थना करून घेतली. म्हणजे बघ, हुतात्म्यांच्या काळातली मंडळी सुद्धा दुसऱ्याच्या जोशात केलेला त्याग आणि आतून ठरवून केलेला त्याग यात फरक करत होती. आपण तर रविवारच्या उपासनेत बसलेली साधी माणसं.

मंडळातल्या बाया रक्ताचं बोलतात ना, तर त्यांना योहान १० वाचायला सांग. कोणी तो माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊनच तो देतो, असं प्रभू आपल्या जिवाबद्दल म्हणतो. वधस्तंभाची सगळी ताकद त्या "मी होऊनच" मध्ये आहे. तुझ्याकडून ओढून घेतलं, लाजेखातर घेतलं, चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही म्हणून घेतलं, तर ते वधस्तंभासारखं होत नाही, मग भले ऑपरेशन यशस्वी होवो. पौल तर अर्पणाच्या पैशाबद्दल सुद्धा लिहितो की दुःखी मनाने किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. पैशाला हा नियम, आणि अंगातल्या अवयवाला नाही? आणि करिंथच्याच पहिल्या पत्रात, तेराव्या अध्यायात, जो आपण प्रत्येक लग्नात वाचतो, तिथं तो म्हणतो मी आपलं शरीर जाळायला दिलं पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. शरीर दिलं की आपोआप प्रीती सिद्ध होते असं पौलालाच मान्य नव्हतं.

आता नीट ऐक, मी तुला किडनी देऊ नको असं सांगत नाहीये. नवऱ्याला किडनी देणाऱ्या बाया मी पाहिल्यात, नर्स म्हणून नोकरी केली त्यात किडनीच्या वॉर्डातही होते, आणि ज्या बाया मनातून ठरवून आल्या होत्या त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी शब्दात नाही सांगू शकत. पण दुसऱ्या पण पाहिल्यात. एक जण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला हळूच विचारत होती की मी नाही म्हणलं तर मला घरात घेतील का. ती तुझ्याच सारखी देवभीरू, नेमाने चर्चला जाणारी. तिच्याकडं बघून मला कधीच वाटलं नाही की देव हे मागतोय.

लूक १४ मध्ये प्रभू म्हणतो बुरूज बांधायचा असला तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो की नाही. शिष्य होण्याची गोष्ट चालू असताना तो हे बोललाय. तर आपण पण बसू आणि हिशेब करू, कारण मला वाटतं तुला अजून कोणी नीट माहितीच दिलेली नाही, फक्त वचनं दिलीत.

एका किडनीवर माणूस चांगलं जगू शकतो, राहिलेली किडनी हळूहळू जास्तीचं काम उचलते. पण तपासण्या पक्क्या पाहिजेत. रक्तगट, रक्ताची जुळणी, शुगर, बीपी, लघवीतलं प्रोटीन, किडन्यांचा स्कॅन, सगळं होतं आणि त्यात बऱ्याच जणी बसतच नाहीत. ऑपरेशन आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीने करतात, काही दिवसांत घरी सोडतात, पण नंतर दीड-दोन महिने तरी जड उचलायचं नाही, आणि शेतातल्या कामाला कधी लागायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हाच. म्हणजे कापसाच्या वेचणीत ऑपरेशन झालं तर वेचायचं कोणी, गाठोडं उचलायचं कोणी, हंडा कोणी आणायचा, हे आधी ठरलं पाहिजे, आणि ते घरच्यांनी नुसतं हो हो म्हणून नाही तर नाव घेऊन ठरवलं पाहिजे. ऑपरेशनमध्ये देणाऱ्याच्या जिवाला धोका फार क्वचित असतो, पण तो शून्य नसतो. पुढं जन्मभर वर्षातून एकदा बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघायचं, पाणी भरपूर प्यायचं, आणि हे तर लिहूनच ठेव, अंग दुखतं म्हणून दुकानातून दुखऱ्या अंगाच्या गोळ्या आणून खायची आपल्या बायांना जी सवय आहे ती पूर्ण बंद. एका किडनीवर त्या गोळ्या महागात पडतात. अजून लेकरू होऊ द्यायचा विचार असला तर तेही डॉक्टरांना सांग, किडनी दिल्यावर बाळंतपणात बीपी वाढायचा धोका थोडा जास्त असतो.

आणि तुझ्या मालकांच्या बाजूने पण हिशेब सांगते, तो पण खरा आहे. किडनी बसली तर डायलिसिसच्या खुर्चीतून सुटका होते, पाणी मोजून प्यावं लागत नाही, माणूस कामाला लागू शकतो. गोळ्या मात्र जन्मभर, एक दिवस चुकवायच्या नाहीत. आणि बसवलेली किडनी किती वर्षं चालेल हे कोणी लिहून देत नाही. पण आत्ता ते डायलिसिसवर आहेत म्हणजे उद्याच काही होणार असं नाही. डायलिसिस चुकवलं नाही, खाणंपिणं सांभाळलं तर माणसं वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे तुझ्याकडं वेळ आहे. लगेच उत्तर द्यायचंय असं तुझ्या डोक्यात बसलं असेल तर ते काढून टाक.

(खाण्यापिण्याचं निघालंच तर, भेटायला येणाऱ्या मंडळीला प्रेमाने सांग की शहाळं आणि मोसंबी आणू नका. आपल्या जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं. आणि कोणी त्यांना उपवास धरायला, गोळ्या सोडायला, प्रार्थना झाली आता डायलिसिस चुकवा म्हणायला लागलं तर तिथं मात्र तू गप्प बसू नको.)

कायदा पण माहीत करून घे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-बाप, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. बघ, या यादीत दीर पण आहेत, म्हणजे तुझ्या मालकांचे सख्खे भाऊ. त्यांची रक्ततपासणी करायला कोणाचाही विरोध का असावा? मी दिराला भरीस घाला असं म्हणत नाही, जो नियम तुला तोच त्यांना, पण विचारायचंच नाही आणि फक्त सुनेचं नाव घ्यायचं हे बरोबर नाही. २०११ च्या दुरुस्तीनंतर अदलाबदल पण करता येते, म्हणजे तुझा रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या जोडप्याशी. आणि मेंदूमृत माणसाची किडनी मिळायची यादी असते, त्यासाठी मराठवाड्याला संभाजीनगरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत त्यांचं नाव नोंदवा. ते आत्ताच करा, तू देणार असलीस तरी आणि नसलीस तरी. थांबावं लागेल, पण नाव यादीत असणं वेगळं आणि नसणं वेगळं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही बसतं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेट, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत असते, तुला तर २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, डेपोत जाऊन कागद विचारून घे.

सगळ्यात महत्त्वाचं हे. किडनी देणाऱ्याची एकटीची मुलाखत होते, घरचे बाहेर असतात. नियमातच लिहिलंय की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची स्वतःची संमती पेशंट सोडून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. हा नियम कोणासाठी केला असेल तूच विचार कर. तिथं तू खरं बोल. मला भीती वाटते, मला जबरदस्ती झाली, मला अजून वेळ पाहिजे, जे असेल ते. आणि डॉक्टरांना हेही सांगू शकतेस की मी नाही म्हणाले तर त्याचं कारण घरच्यांना सांगू नका. ऑपरेशन टेबलवर जाईपर्यंत नाही म्हणायचा तुला अधिकार आहे. तिथं खरं बोलणं म्हणजे प्रभूशी बेइमानी असं समजू नको. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, हे त्याचंच सांगणं आहे.

आता मालक. मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात दुखरी जागा तीच आहे, रोज रात्री त्यांच्या हातावर बोटं ठेवून तू ती थरथर बघतेस आणि ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी वॉर्डात असे पुरुष भरपूर पाहिलेत. शेतात राबणारा गडी, त्याला बायकोच्या आधाराने टॉयलेटला जावं लागतं, त्याची आई चर्चमध्ये उभी राहून त्याच्या बायकोचा अवयव वाटून टाकते, तो काय बोलणार? हो म्हणला तर स्वार्थी, नको म्हणला तर मरणाची भीती. त्यांचं न बोलणं म्हणजे ते मागतायत असं तू धरून चाललीस का? मला तसं वाटत नाही, पण मी तिथं नाही, तू आहेस. एखाद्या डायलिसिसच्या दिवशी येताना रेल्वेत नाहीतर बसमध्ये, जिथं सासूबाई नसतील, तिथं तूच विषय काढ. मला भीती वाटते असं सरळ सांग. तुम्हाला काय वाटतं ते विचार. ऐकवत नसलं तरी ऐक. हे एक बोलणं झाल्याशिवाय बाकी कोणाशी, पास्टरांशी सुद्धा, काही ठरवू नको.

नवरा-बायकोच्या विश्वासाचा वेग एक नसतो, त्याला देव चालवून घेतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधली वर्षं त्या दूर राहिल्या, रडल्या, परत आल्या तरी आधी आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि मग एक एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या मनाला पटत गेली. टिळकांनी हात धरून ओढत नेलं असतं तर एका घरात दोन ख्रिस्ती झाले असते, पण लक्ष्मीबाई ज्या झाल्या त्या झाल्या नसत्या.

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल आपण त्याग त्याग करतो आणि ते खरंच आहे. आई-वडील, मोठी बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच बाईने तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रापत्री करून वाद घातला, चर्चच्या वडीलधाऱ्यांचं डोळे झाकून ऐकणार नाही, माझा विवेक देवाने मला दिलाय, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या आसऱ्याला राहत होत्या त्यांना त्या नाही म्हणाल्या. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी, विधवा त्यांनी केडगावला आणल्या, सगळं आयुष्य त्यात घातलं, बायबलचं भाषांतर केलं. १९२१ ला एकुलती एक लेक मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, शेवटपर्यंत त्या भाषांतराचं काम चालू होतं. ज्या तोंडाने त्या नाही म्हणाल्या त्याच तोंडाने त्यांनी आयुष्यभर होय म्हणलं. मला तर वाटतं नाही म्हणता येत होतं म्हणूनच त्यांचं होय एवढं टिकलं.

तू विचारलंस देव परीक्षा घेतोय का. किडनी शुगरने जाते, बीपीने जाते, कधी कधी कारणच सापडत नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा प्रभूने सांगितलं की ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका. नवऱ्याच्या आजाराला तुझ्या विश्वासाची परीक्षा म्हणून पाठवलेला कागद समजू नको. आणि उद्या काही बरंवाईट झालंच तर ते तुझ्या नकाराने झालं असं कोणी म्हणलं तर ते खोटं आहे, आजाराने झालं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय कारण कोणीतरी म्हणेल.

प्रार्थनेत शब्द फुटत नाहीत ना, मग नको काढू. स्तोत्र १३ उघड, हे परमेश्वरा, कोठवर? तिथून सुरू होतं. स्तोत्र ८८ उघड, ते तर अंधारातच संपतं, शेवटी सुद्धा उजेड येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवाने ते काढून टाकलं नाही. तुझ्यासारख्यांसाठीच ते ठेवलंय. रात्री दिवा मालवायच्या आधी एक स्तोत्र मोठ्याने वाच, मालक भिंतीकडं तोंड करून असले तरी ऐकू तर येतं. टिकणं म्हणजे मला तरी एवढंच समजलंय, खोटं न बोलता देवासमोर बसत राहणं. भीती वाटते तर भीती घेऊन, राग आहे तर राग घेऊन.

सासूबाईंना एकटं गाठून सांग, मंडळीसमोर नाही. "आई, तुमचा जीव तुटतोय ते मला दिसतं. पण मी अजून ठरवलं नाही. मी तपासणी करीन की नाही ते पण मीच सांगीन. तोपर्यंत तुम्ही चर्चमध्ये माझं नाव घेऊन काही बोलू नका." चिडतील, रडतील, तू आवाज चढवू नको पण वाक्य बदलू पण नको. मग पास्टरांकडं जा, सोबत तुझ्या माहेरचं कोणी असलं तर बरं, आणि त्यांना सांग की त्या रविवारी जे झालं ते मला न विचारता झालं, ते तुम्ही मंडळीला सांगा. चांगला पाळक असेल तर त्याला वाईट वाटेल आणि तो सांगेल. नाही सांगितलं तरी तुझं सांगून झालं.

आणि मंडळातल्या बायांना, हे माझ्याकडून सांग हवं तर. एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांच्या पत्रात लिहिलंय. डायलिसिसच्या दिवशी दोघी पोरींना शाळेतून आणून जेवायला घालणं हे ओझं आहे. वेचणीच्या दिवसांत तुझ्या शेतात चार जणींनी एक दिवस येणं हे ओझं आहे. जालन्याला जाताना आळीपाळीने एकीने सोबत येणं, म्हणजे तुला तिथं दोन तास डोळा लागेल. आणि ज्यांना अवयवाचाच त्याग पटतो त्यांनी स्वतःच्या मरणानंतरच्या अवयवदानाची प्रतिज्ञा भरावी, आधार नंबर टाकून मोबाइलवर होते, फक्त घरच्यांना सांगून ठेवा कारण वेळेवर त्यांचीच परवानगी लागते. अशा प्रतिज्ञा जितक्या वाढतील तितकी ती यादी पुढं सरकेल, आणि मग परतूरच्या एखाद्या सुनेला हे असं पत्र लिहायची वेळ कमी वेळा येईल.

तपासणीला जायचं ठरवलंस तर आधी फक्त रक्तगट आणि शुगर-बीपी करून घे, तेवढं तालुक्याला पण होतं, आणि त्याने तू कशातच बांधली जात नाहीस. रिपोर्ट काय आला, आणि त्याहून जास्त, गाडीत मालक काय बोलले, ते मला कळव.